मानसशास्त्राची पदवी आणि व्यवसायाचा अधिकार : विद्यार्थ्यांच्या यशाच्या मोजणीचा एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

परीक्षांचे निकाल लागले की प्रत्येक विभाग आपल्या उत्तीर्णांचे शेकडा प्रमाण काढतो आणि ते वार्षिक अहवालात नमूद करतो. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या कार्यपद्धतीमुळे या आकड्याला प्रशासकीय महत्त्वही आले आहे. तथापि, मानसशास्त्रासारख्या विषयात हा आकडा नेमके काय सांगतो, याचा विचार क्वचितच केला जातो. अमुक विद्यार्थी पदवी परीक्षा उत्तीर्ण झाला, एवढेच त्यावरून कळते. त्याला ज्या कामाची अपेक्षा होती ते काम करण्याचा कायदेशीर अधिकार त्याला मिळाला की नाही, हा प्रश्न निकालपत्रकाच्या कक्षेबाहेर राहतो.

इतर काही विद्याशाखांत ही अडचण इतकी तीव्र नाही. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने पदवी परीक्षा व एक वर्षाचे आंतरवासित प्रशिक्षण पूर्ण केले की तो नोंदणीस पात्र होतो. कायद्याच्या पदवीधराला सनदेसाठी नाव नोंदवावे लागते आणि २०१० मध्ये निर्माण करण्यात आलेली अखिल भारतीय वकील परीक्षा द्यावी लागते. परंतु ती परीक्षा देण्याचा मार्ग त्याला पदवीनेच मोकळा झालेला असतो. मानसशास्त्रात मात्र बी.ए. व एम.ए. या दोन्ही पदव्या हाती आल्यानंतरही चिकित्सेचा अधिकार प्राप्त होत नाही. पदवी आणि अधिकार यांच्यामध्ये एक तिसरा टप्पा उभा आहे आणि बहुसंख्य विद्यार्थी त्या टप्प्याच्या दाराशीच थांबतात. हे थांबणे कोणत्याही संस्थेच्या निकालात अपयश म्हणून नोंदले जात नाही. प्रस्तुत लेखात हे अंतर कसे निर्माण झाले, त्यामुळे यशाची मोजणी कशी चुकते आणि ती योग्य रीतीने कशी करता येईल, या तीन मुद्द्यांचे विवेचन केले आहे.

२. अंतराचा इतिहास

भारतात मानसशास्त्र हा स्वतंत्र विषय म्हणून विद्यापीठात प्रथम कलकत्ता येथे, १९१६ च्या सुमारास, शिकविला जाऊ लागला. म्हैसूर विद्यापीठात १९२४ मध्ये त्याचा विभाग उघडला. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ मध्ये झाली आणि लगेच १९५० मध्ये प्रा. व्ही. के. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. या सर्व विभागांचा उगम तत्त्वज्ञान व प्रयोगशाळा यांच्या संगमातून झाला होता. संवेदन, स्मरण, अध्ययन, बुद्धिमापन यांचा शास्त्रीय अभ्यास करणारे अध्यापक आणि संशोधक तयार करणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. रुग्णाच्या शेजारी बसून शिकविण्याची सोय तेथे नव्हती आणि ती असावी अशी अपेक्षाही त्या काळी कोणी केली नव्हती.

मनोरुग्णांच्या चिकित्सेचे शिक्षण वेगळ्याच ठिकाणी वाढले. बंगळूर येथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि पुढील वर्षापासून तेथे वैद्यकीय मानसशास्त्राचा पदविका अभ्यासक्रम चालू झाला. १९७४ मध्ये हीच संस्था निम्हान्स या नावाने पुनर्घटित झाली. रांची येथील केंद्रीय मनोरुग्णालयातही १९६० नंतरच्या दशकात असेच शिक्षण सुरू झाले. या अभ्यासक्रमांचा पाया रुग्णालय हा होता. विद्यार्थ्याने रुग्णाची माहिती घ्यावी, चाचण्या द्याव्यात, निदानास साह्य करावे आणि हे सर्व अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली करावे, अशी ती पद्धत होती. अशा रीतीने एकाच विषयाची दोन घरे झाली. विद्यापीठात ज्ञान आणि रुग्णालयात कौशल्य मिळे, आणि या दोहोंमधील वाट प्रथमपासूनच अरुंद होती.

पुढे कायद्याने या वाटेवर फाटक उभारले. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ मध्ये संमत झाला व १९९३ च्या जूनपासून अमलात आला. त्याच्या तेराव्या कलमानुसार, परिषदेच्या केंद्रीय नोंदपुस्तकात नाव असलेल्या व्यक्तीलाच पुनर्वास व्यावसायिक म्हणून भारतात कोठेही व्यवसाय करण्याचा, शासकीय संस्थेत तसे पद धारण करण्याचा आणि कायद्याने आवश्यक असलेल्या प्रमाणपत्रावर सही करण्याचा अधिकार मिळतो. नोंदणीवाचून असे काम करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, हा या नोंदपुस्तकातील एक वर्ग आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा मे २०१८ मध्ये अमलात आला. त्यातील व्याख्येनेही परिषदेने मान्य केलेली चिकित्सालयीन मानसशास्त्राची अर्हता आवश्यक ठरविली. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालील प्रशिक्षणासह दोन वर्षांची पूर्ण वेळ एम.फिल., हा त्या व्याख्येत सांगितलेला एक मार्ग होय.

नुसती एम.ए. पदवी या व्याख्येत बसत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पदवीधर समुपदेशन करू शकतो, शाळेत वा उद्योगात काम करू शकतो, अध्यापनाच्या पात्रता परीक्षेस बसू शकतो. परंतु चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हे नाव लावून तो निदान करू शकत नाही किंवा प्रमाणपत्रावर सही करू शकत नाही.

३. खुटबावच्या विद्यार्थ्याची वाट

हे अंतर प्रत्यक्षात कसे जाणवते, हे एखादे गाव डोळ्यांसमोर ठेवल्यास अधिक स्पष्ट होईल. दौंड तालुक्यातील खुटबाव हे पुणे–दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव या स्थानकांच्या दरम्यान, पुण्याच्या पूर्वेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर आहे. भोवताली कालव्याच्या पाण्यावरचा उसाचा पट्टा आहे. येथील विद्यार्थ्याला पुण्यास रोज जाऊन-येऊन शिकणे अवघड असले तरी अशक्य नाही. या दृष्टीने हे गाव ना शहरातले, ना दुर्गम, अशा मधल्या प्रकारात मोडते, आणि महाराष्ट्रातील फार मोठा विद्यार्थिवर्ग याच प्रकारातला आहे.

समजा, येथील एखाद्या विद्यार्थिनीने मानसशास्त्र हा विशेष विषय घेतला. पदवीची तीन किंवा नव्या रचनेनुसार चार वर्षे, पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षे आणि त्यानंतर प्रशिक्षणाची दोन वर्षे, असा किमान सात वर्षांचा हा प्रवास होतो. त्यांपैकी पहिला टप्पा ती तालुक्यातच पूर्ण करू शकेल, कदाचित मराठी माध्यमातूनही. दुसऱ्या टप्प्यासाठी तिला पुण्यास जावे लागेल आणि तेथील ग्रंथ बहुतांशी इंग्रजी असतील. तिसऱ्या टप्प्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत किमान पंचावन्न टक्के गुण आणि प्रवेश परीक्षेतील निवड या अटी आहेत. गुणांच्या अटीत आरक्षित वर्गांना सवलत आहे. येथे प्रवेश मिळणे हाच खरा अडसर ठरतो, कारण जागांची संख्या अध्यापक-मार्गदर्शकांच्या आणि रुग्णालयीन सोयींच्या प्रमाणात बांधलेली असते. ती तशी असणे योग्यच आहे. एका मार्गदर्शकाला पन्नास शिकाऊ सोपविले तर देखरेख हा शब्दच निरर्थक होईल. परंतु त्याचा परिणाम असा की एम.ए. करणाऱ्यांची संख्या आणि प्रशिक्षणाच्या जागा यांत मोठी तफावत पडते.

अलीकडच्या दोन बदलांनी या वाटेचे स्वरूप आणखी पालटले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ च्या विनियमांन्वये एम.फिल. ही पदवी बंद केली. चिकित्सालयीन मानसशास्त्र व मनश्चिकित्सा-समाजकार्य या दोन शाखांपुरती तिला २०२५–२६ च्या सत्रापर्यंत मुदत देण्यात आली, आणि तिच्या जागी नव्या पदव्यांची रचना पुनर्वास परिषदेने हाती घेतली. दुसरा बदल दूरशिक्षणासंबंधी आहे. जुलै–ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यविषयक शाखांत दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत, असा निर्णय आयोगाने घेतला. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची मानसशास्त्रातील एम.ए. ही पदवी नोकरी वा संसार सांभाळून शिकणाऱ्या अनेकांचा आधार होती. ज्या शिक्षणात प्रत्यक्ष माणसाशी बोलणे हाच गाभा आहे ते टपालाने देता येत नाही, हा आयोगाच्या निर्णयामागील विचार समजण्यासारखा आहे. तथापि, ज्यांना दररोज शहर गाठणे परवडत नाही त्यांच्यासाठी एक दार बंद झाले आणि त्याच्या बदल्यात जवळपास दुसरे उघडलेले नाही, हेही तितकेच खरे.

४. छेद कोणता घ्यावा?

आता मोजणीकडे वळू. पुढील आकडे कल्पित असून केवळ विवेचनासाठी घेतले आहेत. एका महाविद्यालयात विशेष मानसशास्त्र घेणाऱ्या साठ विद्यार्थ्यांची तुकडी आहे. त्यांपैकी बेचाळीस जण अंतिम परीक्षेस बसतात आणि अडतीस उत्तीर्ण होतात. महाविद्यालय आपला निकाल नव्वद टक्के सांगते. अडतीसांपैकी दहा जण एम.ए.ला जातात व आठ उत्तीर्ण होतात. विद्यापीठ विभागाचा निकाल ऐंशी टक्के लागतो. आठांपैकी चार जण प्रशिक्षणासाठी अर्ज करतात, एकाची निवड होते, आणि तो प्रशिक्षण पुरे करून नोंदणी करतो. प्रशिक्षण संस्थेचा निकाल शंभर टक्के ठरतो.

तिन्ही संस्थांचे निकाल उत्तम आहेत आणि एकही आकडा खोटा नाही. तरीही मूळच्या साठांपैकी अधिकारापर्यंत पोहोचला तो एक, म्हणजे शेकडा दोनांहूनही कमी. हा विरोधाभास छेदामुळे निर्माण होतो. प्रत्येक संस्थेने आपल्या परीक्षेस बसलेल्यांची संख्या छेदस्थानी घेतली. ज्यांनी मध्येच शिक्षण सोडले, ज्यांनी पुढच्या टप्प्यासाठी अर्जच केला नाही, ज्यांना प्रवेश मिळाला नाही, ते दोन संस्थांच्या मधल्या जागेत गळून गेले. त्या जागेचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

येथे एक आक्षेप न्याय्य ठरेल. साठही विद्यार्थ्यांना चिकित्सक व्हायचे नव्हते. कोणी स्पर्धा परीक्षांसाठी हा विषय घेतला असेल, कोणाला शिक्षक व्हायचे असेल, कोणाला केवळ विषयाची आवड असेल. त्यांना अयशस्वी म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होय. म्हणून साठ हाही योग्य छेद नव्हे. प्रवेशाच्या वेळी ज्यांनी चिकित्सेचा हेतू व्यक्त केला त्यांची संख्या हा योग्य छेद होय. ती वीस असल्यास प्रमाण शेकडा पाच होईल. परंतु हा छेद मिळविण्यासाठी प्रवेशाच्या वेळीच हेतू विचारून लिहून ठेवणे आवश्यक आहे. नंतर विचारल्यास स्मृती आपले काम करते. ज्यांना प्रवेश मिळाला नाही त्यांपैकी अनेकांना आपल्याला तसे कधी व्हायचेच नव्हते असे प्रामाणिकपणे वाटू लागते, हे मानसशास्त्राच्या अभ्यासकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

लहान संख्यांविषयीही सावधगिरी हवी. एखाद्या विभागातून आठ जणांनी प्रवेश परीक्षा दिली व सहा जण यशस्वी झाले, तर यशाचे प्रमाण पंचाहत्तर टक्के दिसते. परंतु आठांच्या नमुन्यावरून काढलेल्या या प्रमाणाची पंचाण्णव टक्के विश्वासमर्यादा सुमारे पस्तीसपासून सत्त्याण्णवपर्यंत पसरलेली असते. पुढील वर्षी आठांपैकी चार यशस्वी झाले म्हणून विभागाचा दर्जा घसरला असे मानणे शास्त्राला धरून होणार नाही. लहान विभागांनी पाच-सहा तुकड्यांचे आकडे एकत्र केल्यावाचून कोणताही निष्कर्ष काढू नये.

५. उतारा आणि ऊस

छेद सुधारला तरी दुसरा प्रश्न शिल्लक राहतो. एका विभागाचे विद्यार्थी अधिक संख्येने यशस्वी होतात, याचे श्रेय विभागाच्या अध्यापनाला द्यावे की विद्यार्थ्यांच्या निवडीला? खुटबावच्या परिसरात या प्रश्नाचे उत्तर समजावून सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. साखर कारखान्याचा उतारा म्हणजे गाळलेल्या उसाच्या मानाने मिळालेली साखर. उतारा वाढला की कारखान्याचे कौतुक होते. पण उसाची जात, तोडणीचा काळ आणि तोडल्यानंतर गाळपापर्यंत गेलेला वेळ यांवर उसातील मूळ साखरच कमी-अधिक होते. समजा, एका कारखान्याकडे आलेल्या शंभर टन उसात चौदा टन साखर होती आणि त्याने साडेअकरा टन काढली. दुसऱ्याच्या उसात बाराच टन होती आणि त्याने दहा टन दोनशे किलो काढली. पहिल्याचा उतारा अधिक दिसतो. परंतु पहिल्याने हाती आलेल्या साखरेपैकी शेकडा ब्याऐंशी मिळविली, तर दुसऱ्याने पंच्याऐंशी. यंत्रकौशल्य दुसऱ्याचे सरस आहे. बाकीची साखर भुशात आणि मळीत गेली, आणि जाणकार तंत्रज्ञ तिचाच हिशेब आधी पाहतो.

शिक्षणसंस्थांची तुलना करताना हा विवेक सहसा केला जात नाही. जो विभाग प्रवेशालाच उत्तम गुणांचे, इंग्रजीवर प्रभुत्व असलेले, शिकवणीचा खर्च सोसू शकणारे विद्यार्थी निवडतो, त्याचा निकाल चांगला लागणे स्वाभाविक आहे. ग्रामीण महाविद्यालय ज्यांना घेते त्यांतील एखादा विद्यार्थी नोंदणीपर्यंत पोहोचला तर त्या एकामागे अध्यापकांचे श्रम कदाचित अधिक असतात. म्हणून प्रवेशकालीन गुण, भाषेचे माध्यम आणि आर्थिक स्थिती लक्षात घेऊन अपेक्षित यश किती असावे याचा अंदाज करावा, आणि प्रत्यक्ष यश त्याहून किती कमी वा अधिक आहे हे पाहावे. विभागाच्या कार्याचे तेच अधिक यथार्थ माप होय.

याच संदर्भात आणखी एक सांख्यिकीय फसगत टाळली पाहिजे. एम.ए.चे गुण व पुढील प्रशिक्षणातील यश यांचा सहसंबंध काढल्यास तो पुष्कळदा क्षीण आढळणे संभवनीय असते. त्यावरून गुणांना अर्थ नाही असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु प्रशिक्षणात निवडले गेलेले सर्वच विद्यार्थी वरच्या गुणांचे असतात. गुणांचा पल्ला आखूड झाला की सहसंबंध आकसतो. निवड न झालेल्यांची माहिती उपलब्ध नसताना निवडीच्या निकषाची परीक्षा करणे म्हणजे झाडावर उरलेली फळे न पाहता काढलेल्या फळांवरून बागेची प्रत ठरविण्यासारखे आहे.

६. चाळणी कोठे लावावी?

इतर देशांतील व्यवस्थांशी तुलना केल्यास आपल्याकडील अडचण कोठे आहे हे नेमके कळते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांच्या परवान्याचा पहिला राज्य-कायदा १९४५ मध्ये कनेक्टिकट येथे झाला आणि १९७७ पर्यंत सर्व राज्यांत असे कायदे झाले. राज्यांच्या परवाना मंडळांचा संघ १९६१ मध्ये स्थापन झाला आणि १९६५ पासून एक समान लेखी परीक्षा घेतली जाऊ लागली. तिच्या प्रचलित स्वरूपात २२५ प्रश्न असून त्यांपैकी १७५ प्रश्नांचेच गुण धरले जातात. तेथील मानसशास्त्र संघटनेची मान्यता असलेल्या डॉक्टरेट अभ्यासक्रमांना काही माहिती जाहीर करणे बंधनकारक आहे. शिक्षण पूर्ण करण्यास लागणारा काळ, खर्च, आंतरवासित प्रशिक्षणाची प्राप्ती, गळती आणि परवाना मिळालेल्यांचे प्रमाण या बाबी तीत येतात. परवान्याचे प्रमाण काढताना दोन ते दहा वर्षांपूर्वी पदवी घेतलेल्यांचा विचार केला जातो. नुकत्याच बाहेर पडलेल्यांना परवाना मिळविण्यास अवधी लागतो, म्हणून त्यांना वगळणे हे मोजणीच्या दृष्टीने बिनचूक आहे.

ब्रिटनमध्ये निराळी पद्धत आहे. तेथे २००९ च्या जुलैपासून व्यवसायी मानसशास्त्रज्ञांची वैधानिक नोंदणी सुरू झाली. परंतु शिक्षण पूर्ण झाल्यावर स्वतंत्र राष्ट्रीय परीक्षा नाही. अभ्यासक्रमालाच मान्यता दिली जाते आणि तो पूर्ण करणारा नोंदणीस पात्र होतो. भारताची पद्धत या दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे. येथे मान्य प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला नोंदणीसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही.

यातून लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येता येते. अमेरिकेतील शेवटची चाळणी शिक्षणाच्या अखेरीस लावलेली आहे. तीत जो अडकतो तो परीक्षार्थी म्हणून नोंदला जातो आणि त्याच्या संस्थेच्या आकड्यांत त्याचे अपयश उमटते. भारतातील चाळणी प्रशिक्षणाच्या दारावर आहे. तीत अडकलेला विद्यार्थी परीक्षार्थी नसतो, अनुत्तीर्ण नसतो, गळती झालेलाही नसतो. तो एम.ए. उत्तीर्ण म्हणूनच नोंदलेला असतो, म्हणजे अहवालाच्या भाषेत यशस्वी असतो. परवान्यातील अपयश आपल्याकडे नाही असे नव्हे. ते यशाच्या स्तंभात लिहिले जाते.

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ याने या क्षेत्रात नवी रचना आणली आहे. त्याच्या अनुसूचीतील वर्तनविषयक आरोग्यशास्त्रांच्या गटात मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक यांचा समावेश असून, पुनर्वास परिषदेच्या कक्षेतील चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांना त्यातून वगळले आहे. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांच्या शिक्षणाची अट त्यात आहे, आणि समान प्रवेश परीक्षा व निर्गम परीक्षा यांची तरतूदही आहे. निर्गम परीक्षा अमलात आल्यास शेवटी लावलेली चाळणी आपल्याकडेही येईल, आणि मग विभागांच्या निकालांची तुलना अपरिहार्यपणे सुरू होईल. त्याआधीच मोजणीचे योग्य संकेत ठरविले नाहीत, तर उतारा आणि ऊस यांतील घोटाळा राष्ट्रीय पातळीवर होण्याचा धोका आहे.

७. परीक्षेचे यश आणि कामाची योग्यता

परवाना मिळणे म्हणजे तरी काय, हाही प्रश्न टाळता येत नाही. लेखी परीक्षा ज्ञान मोजते. रुग्णासमोर योग्य वेळी गप्प बसणे, आत्महत्येच्या विचारांविषयी न कचरता विचारणे, चाचणीचा निष्कर्ष आईवडिलांना समजेल अशा शब्दांत सांगणे, या गोष्टी तीत उतरत नाहीत. अमेरिकेतही हे जाणवल्यामुळे २०२० पासून काही राज्यांत कौशल्यांची दुसरी परीक्षा सुरू करण्यात आली.

महाराष्ट्रात या कौशल्याला भाषेचे अंग आहे. बिने यांच्या बुद्धिमापन श्रेणीचे मराठी व कानडी मुलांसाठी अनुकूलन डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात केले, आणि बिने–कामत या नावाने ते पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. ही चाचणी देणे म्हणजे प्रश्न वाचून दाखविणे नव्हे. शेतात काम करणाऱ्या कुटुंबातील सहा वर्षांचे मूल परक्या माणसासमोर बोलत नाही, तेव्हा ते न कळल्यामुळे बोलत नाही की संकोचामुळे, हे ओळखता येणे आवश्यक असते. ते ओळखण्यात चूक झाली तर बुद्ध्यंक चुकतो. आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये मिळणाऱ्या सवलती अशाच मूल्यमापनावर अवलंबून असतात. पुस्तके इंग्रजी, प्रवेश परीक्षा इंग्रजी आणि रुग्ण मराठी, अशा व्यवस्थेत निवडीची चाळणी नेमकी त्याच विद्यार्थ्यांना मागे ठेवण्याची शक्यता असते, ज्यांना रुग्णाची बोली जन्मतः अवगत आहे. इंग्रजीचे ज्ञान अनावश्यक आहे असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु निवडीच्या निकषांत रुग्णाच्या भाषेतील संभाषणक्षमतेला गुण असावेत, ही मागणी मात्र यथार्थतेच्या तत्त्वातूनच निघते.

८. विभागांनी करण्यासारखे काही

वरील विवेचनावरून कोणत्याही विभागाला अल्प खर्चात करता येण्यासारख्या चार गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, प्रत्येक तुकडीचे स्वतंत्र नोंदपुस्तक ठेवावे. प्रवेशाच्या वेळी हेतू, माध्यम व पूर्वगुण लिहावेत, आणि पदवीनंतर दोन, पाच व दहा वर्षांनी प्रत्येकाची स्थिती नोंदवावी. ज्यांचा पत्ता लागत नाही त्यांना गाळू नये. त्यांची संख्या स्वतंत्रपणे सांगावी, कारण जे यशस्वी झाले तेच विभागाच्या पत्राला उत्तर देतात. दुसरी, यशाचा एकच आकडा न देता निदान चार द्यावेत : पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण, पुढील प्रशिक्षणासाठी अर्ज केलेल्यांचे, प्रवेश मिळालेल्यांचे, आणि नोंदणी झालेल्यांचे. अध्यापन, शालेय समुपदेशन, उद्योग व प्रशासन येथे गेलेल्यांची गणना त्यांच्या स्वतःच्या हेतूच्या संदर्भात करावी. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञानप्रबोधिनीने मानसशास्त्राचा उपयोग शिक्षणाच्या क्षेत्रात कसा होऊ शकतो हे दाखविले आहे. चिकित्सेबाहेरचे काम दुय्यम मानण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट अशी की, हे आकडे आणि कायद्याची स्थिती प्रवेशपत्रिकेत स्पष्ट मराठीत छापावी. या पदवीने चिकित्सेचा अधिकार मिळत नाही, त्यासाठी पुढे कोणते प्रशिक्षण लागते, त्याच्या जागा जवळपास कोठे व किती आहेत आणि मागील तुकड्यांतून किती जण तेथे पोहोचले, एवढी चार वाक्ये पुरेशी आहेत. पाच वर्षांचे शुल्क, प्रवास आणि घरातील एका मिळवत्या हाताची उणीव सोसून शिकविणाऱ्या कुटुंबाला ही माहिती पाचव्या वर्षाच्या अखेरीस कळावी, हे उचित नव्हे. चौथी, विभागाने जवळच्या रुग्णालयाशी संबंध जोडून एम.ए.च्या काळातच देखरेखीखालील कामाचा अनुभव द्यावा. त्याने परवाना मिळणार नाही. पण विद्यार्थ्याला हे काम आपल्याला झेपते का, याची जाणीव वेळेवर होईल.

९. समारोप

या मोजणीला केवळ विद्यापीठीय महत्त्व असते तर तिचा इतका विस्तार करण्याचे कारण नव्हते. २०१५–१६ मध्ये निम्हान्सने बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तरीही तिचे निष्कर्ष येथे दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. प्रौढांपैकी शेकडा दहा-अकरा जणांना पाहणीच्या वेळी कोणती ना कोणती मानसिक व्याधी होती, आणि निरनिराळ्या व्याधींच्या बाबतीत शेकडा सत्तरपासून ब्याण्णवपर्यंत रुग्ण उपचारांवाचून होते. एका बाजूस उपचारांवाचून राहिलेले रुग्ण आहेत आणि दुसऱ्या बाजूस अधिकारावाचून राहिलेले मानसशास्त्राचे पदवीधर आहेत. यांतील एक गट वाढविला म्हणजे दुसरा आपोआप कमी होईल असे नाही. अधिकार सैल केल्यास अर्धशिक्षितांच्या हाती रुग्ण जाईल. अधिकार कठोर ठेवून प्रशिक्षणाच्या जागा न वाढविल्यास रुग्णाच्या वाट्याला कोणीच येणार नाही. उपाय जागा व मार्गदर्शक वाढविण्यातच आहे, आणि किती जागा हव्यात हे ठरविण्यासाठी दारावर किती जण थांबले आहेत हे आधी ठाऊक असले पाहिजे.

ती संख्या प्रत्येक विभागाच्या जुन्या प्रवेशनोंदींत, शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांच्या अर्जांत आणि उत्तीर्णांच्या याद्यांत विखुरलेली आहे. ती एकत्र करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. नव्वद टक्क्यांच्या निकालाशेजारी आणखी तीन आकडे लिहिण्याची तयारी असली म्हणजे पुरे.